डोळ्यांच्या औषधचिठ्ठीतील लॅटिन भाषा

विलेपार्ले या उपनगरात डॉ. रुस्तम नरसी कूपर महानगरपालिका रुग्णालय आहे, तसेच डॉ. भानुबेन नाणावटी औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयही आहे. एका ठिकाणी औषधचिठ्ठी लिहिली जाते. दुसऱ्या ठिकाणी ती वाचण्याचे शिक्षण दिले जाते. या दोहोंमधील पारिभाषिक दुवा लॅटिन भाषेचा आहे. चिठ्ठीच्या आरंभी दिसणारे, पायावर आडवी रेघ असलेले ‘आर’ हे अक्षर ‘रेसिपे’ या आज्ञार्थी क्रियापदाचे असून त्याचा अर्थ ‘घे’ एवढाच होतो.

नेत्रवैद्यकात ‘ओ.डी.’ म्हणजे ‘ऑक्युलस डेक्स्टर’, उजवा डोळा, ‘ओ.एस.’ म्हणजे ‘ऑक्युलस सिनिस्टर’, डावा डोळा, आणि ‘ओ.यू.’ म्हणजे दोन्ही डोळे. हे शब्द वाटतात तितके परके नाहीत. ‘ऑक्युलस’ व संस्कृत ‘अक्षि’ यांचे मूळ एक आहे. ‘डेक्स्टर’ आणि ‘दक्षिण’ हेही एकाच कुळातील होत. लॅटिनमध्ये ‘प्युपिला’ म्हणजे लहान मुलगी अथवा बाहुली. समोरच्या माणसाचे चिमुकले प्रतिबिंब डोळ्यात दिसते, म्हणून हे नाव पडले. मराठीनेही त्याच जागेला ‘बाहुली’च म्हटले आहे.

अडचण निराळीच आहे. आपल्याकडील इतर वैद्यकीय चिठ्ठ्यांत ‘ओ.डी.’ याचा अर्थ ‘दिवसातून एकदा’ असा घेतला जातो. ‘बी.डी.’ म्हणजे दोनदा, ‘टी.डी.एस.’ म्हणजे तीनदा, त्याच मालिकेतील हे अक्षरयुग्म. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया उजव्या डोळ्यावर झालेल्या वृद्धाच्या चिठ्ठीत ‘एक थेंब, ओ.डी.’ एवढेच असेल, तर किती वेळा घालावयाचा हे कळत नाही. आणि ‘एकदा’ असा अर्थ घेतल्यास कोणत्या डोळ्यात, हे कळत नाही. काचबिंदूच्या रुग्णाने तीच चिठ्ठी चुकीची वाचली तर दाब वाढलेला डोळा औषधावाचून राहतो, आणि गेलेली दृष्टी परत येत नाही. कानासाठीचे ‘ए.डी.’ हेही घाईच्या अक्षरात ‘ओ.डी.’सारखे भासते. कानाचे थेंब डोळ्यात पडणे ही काही किरकोळ चूक नव्हे.

भारतीय वैद्यक परिषदेने २०१६ साली आचारविषयक विनियमांत दुरुस्ती करून औषधांची मूळ नावे सुवाच्य व शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावीत असे सांगितले. ती सुधारणा आवश्यकच होती. परंतु सुवाच्य लिहिलेले ‘ओ.डी.’ही तितकेच संदिग्ध राहते. त्यापेक्षा ‘उजवा डोळा, एक थेंब, दिवसातून तीन वेळा, अमुक तारखेपर्यंत’ असे लिहिण्यास फार तर अर्धी ओळ अधिक लागेल.

गावातील नेत्रशिबिरानंतर चिठ्ठी वाचून दाखविण्याचे काम पुष्कळदा शिक्षकाकडे अथवा पंचायत सदस्याकडे येते. अशा वेळी ‘ओ.डी.’चा अर्थ तर्काने लावू नये. शिबिराच्या वैद्यकीय पथकास अथवा औषध देणाऱ्यास विचारून बाटलीवरच मराठीत लिहून घ्यावे. ‘उजवा’ म्हणजे रुग्णाचा उजवा. थेंब घालणारा समोर उभा असल्यास तो डोळा त्याच्या डाव्या हाताकडे येतो.