घशातील जिवाणू आणि त्यांची संवर्धन-चाचणी

वसतिगृहात मुले एकत्र जेवतात, शेजारी शेजारी झोपतात. म्हणून एकाचा घसा दुखू लागला की आम्हांस सर्वांची काळजी वाटते. बहुतेक घसादुखी विषाणूंमुळे होते व आपोआप बरी होते. परंतु स्ट्रेप्टोकॉकस पायोजीन्स या जिवाणूच्या संसर्गावर उपचार झाले नाहीत, तर दोन-तीन आठवड्यांनी काही मुलांना संधिवाताचा ताप येतो आणि हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडू शकतात. नुसता घसा पाहून हा भेद खात्रीने करता येत नाही. त्यासाठी संवर्धन-चाचणी लागते.

प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वी निर्जंतुक स्वॅब दोन्ही टॉन्सिलवर व घशाच्या मागील भिंतीवर फिरवतात; जिभेला तो लागू देत नाहीत. मेंढीचे ५ टक्के रक्त मिसळलेल्या अगारच्या बशीत हा नमुना रेघा ओढून पसरवतात व बशी ३५ ते ३७ अंश सेल्सिअस तापमानात १८ ते २४ तास ठेवतात. हा जिवाणू तांबड्या रक्तपेशी फोडतो. त्यामुळे त्याच्या बारीक वसाहतींभोवती पारदर्शक वलय दिसते. काहीच न दिसल्यास बशी आणखी एक दिवस ठेवून पुन्हा तपासतात. असे वलय इतर जिवाणूही पाडतात. म्हणून बॅसिट्रॅसिनच्या चकतीभोवती वाढ थांबते का, हे पाहतात. पक्की ओळख रेबेका लान्सफील्ड यांनी १९३३ मध्ये मांडलेल्या गटवारीने पटते. हा जिवाणू तीतील 'अ' गटाचा होय.

मात्र वलय एवढेच सांगते की जिवाणू घशात आहे. मूल आजारी आहे की केवळ वाहक, हे ते सांगत नाही. निरोगी शालेय मुलांतही सुमारे दहांपैकी एकाच्या घशात तो आढळतो. अशा वाहकापासून इतरांना लागण होण्याचा संभव कमी असतो व त्याला बहुधा औषधही लागत नाही. ताप, घसादुखी, मानेतील सुजलेल्या गाठी ही लक्षणे असून अहवालही होकारार्थी असेल, तर डॉक्टर सामान्यतः पेनिसिलिन देतात. गोळ्यांचा हा क्रम १० दिवसांचा असतो. आजार सुरू झाल्यापासून ९ दिवसांच्या आत उपचार सुरू झाले तरी संधिवाताचा ताप टळू शकतो. म्हणून अहवालाची वाट पाहण्यास अवधी असतो.

पालकांना आमची विनंती आहे की, तिसऱ्या दिवशी बरे वाटले म्हणून गोळ्या थांबवू नयेत. आजारी मुलास औषध सुरू झाल्यावर एक दिवस वेगळी विश्रांती द्यावी. परंतु जे मूल केवळ वाहक आहे, त्याचे ताट कोणी वेगळे मांडू नये.