शॉक : रक्ताभिसरणाची कोंडी आणि व्हिव्हियन थॉमस

‘शॉक बसला’ असे आपण म्हणतो तेव्हा विजेचा झटका किंवा अकस्मात आलेली दुःखद वार्ता अभिप्रेत असते. वैद्यकशास्त्रात या शब्दाचा अर्थ निराळा आहे. शरीरातील पेशींना पुरेसे रक्त, पर्यायाने पुरेसा प्राणवायू न मिळणे, ही अवस्था म्हणजे शॉक. इतिहासाच्या शिक्षकाने या प्रांतात का शिरावे, असे विद्यार्थी विचारतील. त्याचे उत्तर पुढे येईल.

प्रौढ माणसाच्या अंगात सुमारे ५ लिटर रक्त असते. अपघातात त्यातील लिटरभर वाहून गेले, तरी रक्तदाब काही काळ जवळजवळ पूर्ववत राहू शकतो. दाब घटू लागल्याची सूचना मेंदूला मिळते, अ‍ॅड्रेनालिन स्रवते, हृदय वेगाने धडधडते, त्वचेच्या व आतड्यांच्या सूक्ष्म रोहिण्या आकुंचन पावतात. उरलेले रक्त मेंदूसाठी आणि हृदयासाठी राखले जाते. म्हणूनच हातपाय थंड पडतात, घाम सुटतो, तहान लागते, लघवी कमी होते. जखमी मनुष्य बोलत असतो आणि भोवतालचे लोक निश्चिंत होतात. धोका इथेच आहे. वंचित पेशींत लॅक्टिक आम्ल साचते, आकुंचित वाहिन्या सैल पडतात आणि मग रक्तदाब कोसळतो. त्यानंतर रक्त चढवूनही रुग्ण वाचेलच असे नाही. तेव्हा रक्तदाबाच्या आकड्यापूर्वी जलद, क्षीण नाडीकडे लक्ष द्यावे. जखम घट्ट दाबून धरावी, रुग्णाला आडवे निजवून पांघरूण घालावे आणि १०८ क्रमांकावर कळवावे.

रक्त न सांडताही शॉक येतो. हृदयाच्या रोहिणीत गुठळी अडकून स्नायूचा मोठा भाग निकामी झाला, तर पंपच दुर्बल होतो. तीव्र जंतुसंसर्गात वा अ‍ॅलर्जीत वाहिन्या इतक्या रुंदावतात की आहे तेवढे रक्त अपुरे पडते.

पहिल्या महायुद्धात चिरडलेल्या अवयवांचे सैनिक बाहेर फारसा रक्तस्राव नसताना दगावत. चिरडलेल्या स्नायूंतून विष पसरते, असा तर्क तेव्हा मान्य होता. १९३० च्या दशकात अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठात डॉ. आल्फ्रेड ब्लेलॉक यांच्या प्रयोगशाळेने कुत्र्यांवरील प्रयोगांतून दाखविले, की रक्त व रक्तद्रव त्या सुजलेल्या अवयवातच झिरपून अडकतात. रक्त शरीरातच असते, पण अभिसरणाबाहेर. रक्त व रक्तद्रव देऊन शॉकवर उपचार करण्याच्या पद्धतीला यातून भक्कम आधार मिळाला.

हे प्रयोग करणारे हात मुख्यतः व्हिव्हियन थॉमस या कृष्णवर्णीय तरुणाचे होते. १९३० मध्ये तो या नोकरीत आला आणि त्यानंतर महाविद्यालयासाठी जमविलेले पैसे बँक बुडाल्याने गेले. काम संशोधकाचे, पण नोंद आणि पगार झाडूवाल्याचा! वर्णाची ही उतरंड आपल्या वाचकांना वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

१९४४ मध्ये जॉन्स हॉपकिन्स येथे ब्लेलॉक यांनी जन्मजात हृदयदोषाने निळ्या पडलेल्या बालिकेवर शस्त्रक्रिया केली, तेव्हा थॉमस त्यांच्या मागे उभे राहून टाके कसे घालावेत ते सांगत होते. तंत्र त्यांनीच प्रयोगशाळेत घडविले होते. पुढील वर्षी प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधावर ब्लेलॉक आणि डॉ. हेलन टॉसिग यांची नावे होती. थॉमस यांचे नव्हते. १९७६ मध्ये त्याच विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली, तीही वैद्यकाची नव्हे, कायद्याची.