वीज गेली तरी टिकणारी चुंबकीय स्मृती

पावसाळ्याचे दिवस आहेत. मावळ तालुक्यातील परंदवडीसारख्या एखाद्या गावी ग्रामपंचायतीचे कर्मचारी संगणकावर घरपट्टीच्या नोंदी करीत आहेत आणि अचानक वीज खंडित होते. पुरवठा पूर्ववत झाल्यावर असे आढळते की, जतन केलेल्या नोंदी सुरक्षित आहेत. परंतु शेवटच्या दहा नोंदी नाहीशा झाल्या आहेत. असे का व्हावे?

दोन प्रकारच्या स्मृती

संगणकास दोन प्रकारच्या स्मृती असतात. काम चालू असताना वापरली जाणारी कार्यस्मृती अतिशय वेगवान असते. तीत एक किंवा शून्य हा अंक सूक्ष्म विद्युतभाराच्या रूपाने राहतो. हा भार सतत गळत असल्याने तो सामान्यतः दर ६४ मिलिसेकंदांत पुन्हा भरावा लागतो. साहजिकच वीज थांबताच ही स्मृती पुसली जाते. दुसरी, साठवणीची स्मृती विजेवाचून टिकते. पण ती पुष्कळच मंद असते. शिवाय मोबाइलमधील फ्लॅश स्मृती वारंवार लिहिण्याने झिजते.

टिफ्रॅकचा धडा

वेग आणि टिकाऊपणा यांचा मेळ पूर्वी साधला गेला होता. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये स्वदेशी संगणक कार्यान्वित झाला. १९६२ मध्ये पंडित जवाहरलाल नेहरू यांनी त्यास ‘टिफ्रॅक’ हे नाव दिले. त्याची कार्यस्मृती फेराइटच्या बारीक कड्यांची होती. कडीचे चुंबकन एका दिशेने असल्यास एक, उलट दिशेने असल्यास शून्य. वीज गेली तरी ही दिशा कायम राही. मात्र कड्या तारांत ओवणे कष्टाचे व खर्चाचे होते. १९७० नंतर अर्धसंवाहक चिप स्वस्त झाल्या आणि कड्या मागे पडल्या. स्वस्ताई आली, टिकाऊपणा गेला.

नवे रूप, नव्या मर्यादा

तेच तत्त्व आता ‘एमरॅम’ या चिपमध्ये परतले आहे. दोन चुंबकीय थरांमध्ये सुमारे एक नॅनोमीटर जाडीचा विद्युतरोधक थर असतो. दोन्ही थरांचे चुंबकन एकाच दिशेने असल्यास विजेला होणारा रोध कमी, विरुद्ध असल्यास अधिक; यावरून अंक वाचला जातो. २००६ मध्ये ४ मेगाबिटची चिप बाजारात आली. संगणकात देवनागरीचे एक चिन्ह सामान्यतः तीन बाइट व्यापते. त्या हिशेबाने तीत सुमारे पावणेदोन लाख चिन्हे मावतात. २०१९ पर्यंत मजल १ गिगाबिटपर्यंत गेली. तथापि ८ गिगाबाइटच्या साध्या संगणकास अशा ६४ चिप लागतील, आणि त्या महागही पडतात. यास्तव संगणकाची सारी कार्यस्मृती इतक्यात बदलेल, असे मानणे योग्य नव्हे. वीजमीटर, मनगटी घड्याळ यांसारख्या थोड्या स्मृतीवर चालणाऱ्या उपकरणांत मात्र तिला खरा वाव आहे. तेथे बॅटरीची बचत होते आणि उपकरण तत्काळ जागे होते.

एक सावधगिरी मात्र आवश्यक आहे. जी स्मृती विसरत नाही, ती चोराच्या हाती लागली तरी विसरत नाही. अशा उपकरणांत नागरिकांची माहिती सांकेतिक रूपात ठेवणे अगत्याचे ठरेल.

तोपर्यंत प्रत्येक नोंदीनंतर ती जतन करणे, यूपीएस सुस्थितीत राखणे आणि दिवसाअखेर दुसरी प्रत काढणे, हाच खात्रीचा उपाय होय. नोंद हरवली की हेलपाटा नागरिकालाच पडतो, याचे विस्मरण होऊ नये.