त्सुगश्पिट्झ: एका दिवसाच्या चढाईची आखणी

आल्प्स पर्वताचें नांव भूगोलाच्या तासाला आपण सर्वांनींच घोकलेलें असतें. परंतु त्या पर्वताच्या एखाद्या शिखरावर एका दिवसांत चढून परत यावयाचें असल्यास काय काय विचार करावा लागतो, हें पाठ्यपुस्तकांत सहसा सांपडत नाहीं. वास्तविक पाहतां या विचारांत भूगोल, गणित व पदार्थविज्ञान या तिन्ही विषयांचा उपयोग होतो. म्हणून या लेखांत आम्हीं एकच शिखर घेऊन त्याची आखणी वाचकांपुढें मांडण्याचें योजिलें आहे. ज्यांचीं मुलें आज उद्यां शिक्षणासाठीं जर्मनींत किंवा ऑस्ट्रियांत जाणार आहेत, त्या पालकांनाही ती उपयोगीं पडेल असें वाटतें.

जर्मनींतील सर्वांत उंच शिखर त्सुगश्पिट्झ. त्याची उंची २९६२ मीटर, म्हणजे सुमारें ९७१८ फूट. जर्मनीचा बव्हेरिया प्रांत व ऑस्ट्रियाचा टिरोल प्रांत यांची सीमा याच्या माथ्यावरून जाते. २७ ऑगस्ट १८२० रोजीं योझेफ नाउस नांवाचा मोजणीखात्यांतील एक लष्करी अधिकारी आपल्या सोबत्यांसह येथें चढला, ही या शिखरावरील पहिली नोंदलेली चढाई होय. पुढें १९२६ सालीं टिरोलच्या बाजूनें पहिला रज्जुमार्ग झाला आणि १९३० सालीं बव्हेरियाच्या बाजूनें दांतेरी रुळांची आगगाडी वर पोंचली. आज शिखरावर उपाहारगृहें आहेत व गर्दीही पुष्कळ असते. कोणी म्हणेल कीं, जेथें बसल्या बसल्या दहा मिनिटांत जातां येतें तेथें पायीं जाण्याची एवढी चर्चा कशाला? आमचें उत्तर असें कीं, दोराच्या डब्यांतून पाहिलेला डोंगर आणि पायांखालून गेलेला डोंगर हे दोन निराळे डोंगर आहेत. परंतु दोहोंचा मेळ घालतां येतो, व तो घालण्यांतच आखणीचें कौशल्य आहे.

शिखराकडे जाणाऱ्या वाटा अनेक आहेत. राइनटाल खोऱ्यांतून जाणारी वाट सोपी खरी, पण ती वीस किलोमीटरांहून लांब असून तिला आठ ते दहा तास लागतात. ह्योलेनटालची वाट लोखंडी शिड्या, कड्यांत ठोकलेल्या सळया व हिमनदी यांवरून जाते; तिचें नांव नवशिक्यांनीं घेऊंही नये. आम्हीं निवडलेली वाट टिरोलमधील एहरवाल्ड या गांवाहून निघते. गांवाची उंची सुमारें हजार मीटर. तेथून लहान लहान डब्यांचा एक रज्जुमार्ग आपणांस एहरवाल्डर आल्म नांवाच्या कुरणावर, १५०२ मीटरांवर, नेऊन सोडतो. आपलें कळसूबाई १६४६ मीटर. म्हणजे आपण जेथून पाय टाकण्यास आरंभ करणार, ती जागा महाराष्ट्राच्या सर्वोच्च माथ्याच्या जवळपास आली! तेथून गुरांच्या कुरणांतून, एका छोट्या प्रार्थनामंदिरावरून वाट हळूहळू चढत गाटर्ल या खिंडींत (२०२४ मीटर) येते. येथें ऑस्ट्रिया संपून जर्मनी लागते. चौकी नाहीं, शिपाई नाहीं, तरी पारपत्र जवळ बाळगणें हेंच योग्य. पुढें क्नोर कुटी (२०५१ मीटर) येते. वेटरश्टाइन डोंगररांगेंतील ही सर्वांत जुनी आश्रयकुटी. ती १८५५ मध्यें बांधली गेली. तेथून वाट प्लाट नांवाच्या ओसाड, खडकाळ पठारावर चढून सुमारें २५७६ मीटरांवरील स्थानकाशीं पोंचते. या स्थानकावरून शिखरापर्यंत आणखी एक आंखूड रज्जुमार्ग आहे.

आतां पहिला प्रश्न: चढतांना पाय व उतरतांना डबा, कीं उलट? दोन्ही पक्षांना बळ आहे. डब्यानें वर जाऊन पायीं उतरल्यास शेवटच्या डब्याची धास्ती राहत नाहीं आणि सकाळचें निरभ्र आकाश शिखरावर मिळतें. परंतु उतार गुडघ्यांना फार जाच करितो. दमलेले पाय सैल खडीवर घसरतात, व ते घसरतात दुपारीं, म्हणजे वादळाच्या वेळीं. शिवाय दहा मिनिटांत तीन हजार मीटरांजवळ गेलेल्या माणसाचें डोकें कधीं कधीं दुखूं लागतें, कारण तेथील हवेचा दाब समुद्रकांठच्या दाबाच्या सुमारें सात दशांशच असतो. पायीं चढणाऱ्यास ती संवय थोडी थोडी होत जाते. म्हणून आम्ही चढण पायीं व उतार डब्यानें, या पक्षाचे आहोंत. मात्र हा पक्ष स्वीकारला कीं घड्याळ हा आपला धनी होतो, हें विसरतां येत नाहीं.

हिशेब असा करावा. आल्प्समध्यें प्रचलित असलेल्या नियमाप्रमाणें मनुष्य तासाला ३०० मीटर चढतो, ५०० मीटर उतरतो व सपाटीवर ४ किलोमीटर चालतो. उंचीचा वेळ निराळा काढावा, अंतराचा निराळा. त्यांपैकीं जो मोठा असेल तो पूर्ण धरून त्यांत लहानाचा निम्मा मिळवावा. आपल्या वाटेंत कुरणापासून पठारावरील स्थानकापर्यंत, मधले चढउतार धरून, सुमारें १२०० मीटर चढ आहे. त्याचे ४ तास. अंतर सुमारें १२ किलोमीटर. त्याचे ३ तास. चार अधिक दीड, म्हणजे साडेपांच तास. या नियमांत विसांव्याचा, जेवणाचा, बुटाची नाडी बांधण्याचा व डोंगराकडे पाहत उभें राहण्याचा वेळ मुळींच नाहीं. त्यासाठीं एक तास धरा. तेथील मार्गदर्शक पाट्यांवर अंतराऐवजीं तासच लिहिलेले असतात, पण तेही विसांवा सोडूनच असतात.

पहिला डबा सकाळीं साडेआठला निघतो असें धरूं. पावणेनऊला चालण्यास आरंभ. साडेसहा तासांनीं, म्हणजे सव्वातीनला, आपण पठारावर. शिखरावरून टिरोलकडे उतरणारा शेवटचा डबा दुपारीं चार चाळीसला आहे असें समजा. (हीं वेळापत्रकें ऋतूप्रमाणें बदलतात; आदल्या संध्याकाळीं त्या दिवसाचें पत्रक पाहून लिहून घ्यावें.) हाताशीं एक तास पंचवीस मिनिटें राहिलीं. येथें उत्साही मुलांच्या मनांत येईल कीं, मग पठारापासून शिखरापर्यंतही पायींच कां जाऊं नये? उरलेला चढ ३८६ मीटरांचा. प्रथम घसरती खडी व नंतर तारेचे दोर लाविलेली धार. त्याला निदान दीड तास हवा. सव्वातीनांत दीड मिळवा: पावणेपांच. डबा पांच मिनिटांपूर्वी गेला! तेव्हां या आखणींत शेवटचा टप्पा आंखूड रज्जुमार्गानेंच करावयाचा, असें घरींच ठरवून निघावें. धारेवर उभें राहून तें ठरवूं नये, कारण तेथें शिखर डोळ्यांसमोर दिसत असतें आणि दिसणारें शिखर फार वाईट सल्लागार आहे.

सबंध दिवसाचा खरा निर्णय मात्र शिखरावर नसून क्नोर कुटीपाशीं होतो. कुटीपर्यंत चालण्याचे साडेतीन तास व विसांव्याचा अर्धा, म्हणजे पाऊण वाजतां तेथें असावें. दीड वाजेपर्यंत पोंचल्यास पुढील अडीच तास धरून चार वाजतां पठारावर येतां येईल; घाई होईल, पण साधेल. दीडनंतर पुढें जाऊं नये. परत फिरल्यास तीन तासांत कुरण येतें, आणि तेथला रज्जुमार्ग बंद झाला असला तरी गांव पायीं तासाभराच्या उतारावर आहे. उन्हाळ्यांत उजेड आठापर्यंत असतो. दुसरा उपाय कुटींतच रात्र काढण्याचा, पण कुटी उघडी आहे कीं नाहीं व जागा आहे कीं नाहीं हें आधीं विचारलेलें असावें. टोळींतील सर्वांत सावकाश चालणाऱ्याच्या घड्याळावरच हा निर्णय होतो, सर्वांत चपळ मुलाच्या नव्हे.

आतां रज्जुमार्गाविषयीं दोन शब्द. कुरणावर नेणाऱ्या मार्गाचा दोर सारखा फिरत असतो व लहान डबे त्याला चिमट्यानें धरून असतात. स्थानकांत चिमटा सुटतो म्हणून डबा मंद होऊन माणसें चढूं शकतात. शिखराच्या मार्गाची रचना वेगळी. तेथें जाड दोर ताणून स्थिर ठेविलेले असतात व त्यांवरून डबा चाकांनीं धांवतो; दुसरा ओढीचा दोर दोन डब्यांना जोडलेला असून एक वर जातांना दुसरा खालीं येतो. विहिरीच्या रहाटाला दोन घागरी बांधाव्यात तसाच हा प्रकार. उतरणाऱ्या डब्याचें वजन चढणाऱ्यास उचलण्यास मदत करितें, त्यामुळें यंत्राला श्रम कमी पडतात. बव्हेरियाच्या बाजूचा नवा मार्ग डिसेंबर २०१७ मध्यें सुरू झाला. त्याला एकच खांब, पण तो १२७ मीटर उंच, आणि खांबापुढें दोर ३२१३ मीटर आधारावांचून जातो. एवढ्या लांब दोरावर लोंबणारा डबा जोराच्या वाऱ्यांत झोके खाऊं लागतो, म्हणून वारा वाढला कीं मार्ग थांबवितात. विजेच्या कडकडाटांतही तेंच. कधीं यंत्रही बिघडतें. सप्टेंबर २०१८ मध्यें बचावाच्या सरावांत याच नव्या मार्गाचा एक डबा मोडला व मार्ग डिसेंबरपर्यंत बंद राहिला. तेव्हां उतरण्याची दुसरी सोय माहीत असावी. ती म्हणजे पठारावरून सुटणारी दांतेरी आगगाडी. ती डोंगराच्या पोटांतील बोगद्यांतून जात असल्यामुळें वाऱ्याची तिला क्षिति नाहीं. मात्र ती आपणांस जर्मनींत गार्मिशकडे उतरवील व एहरवाल्डला परत येण्याचा फेरा पडेल. तितके पैसे व तितका वेळ हाताशीं असावा.

हवेविषयीं आम्हांस थोडें अधिक लिहिणें भाग आहे. दर हजार मीटरांस उष्णता सरासरी साडेसहा अंशांनीं उतरते. गांवांत २२ अंश असतील तर शिखरावर ९ च्या सुमारास. वारा सुटल्यास अंगाला त्याहूनही कमी भासतात, आणि उत्तरेकडून थंड हवेची लाट आल्यास भर जुलईंत बर्फ पडतें. १३ जुलै २००८ रोजीं याच वाटेनें एहरवाल्डहून शिखरापर्यंत धांवण्याची एक शर्यत होती. वर बर्फ व सोसाट्याचा वारा सुरू झाला, आणि कित्येक धांवपटूंच्या अंगावर आंखूड विजार व पातळ सदरा यांखेरीज कांहीं नव्हतें. त्यांतील दोघे थंडीनें व थकव्यानें शिखराच्या अलीकडे मरण पावले. आणखी कित्येकांना इस्पितळांत न्यावें लागलें. हे दुबळे लोक नव्हते. धांवणाऱ्याचें अंग धांवण्यानेंच ऊब धरितें; पाय थकून वेग मंदावला कीं ती ऊब जाते, आणि ओलें कापड उरलेली ऊब ओढून घेतें. म्हणून ऑगस्टांतही पिशवींत लोंकरी बंडी, कानटोपी, हातमोजे व पाऊस न झिरपणारा अंगरखा असलाच पाहिजे. खालीं ऊन आहे म्हणून तीं खोलीवर ठेवून निघणाऱ्यास बरोबर घेऊं नये. आदल्या रात्रीं व सकाळीं हवामानाचा अंदाज पाहावा. दुपारीं गडगडाट सांगितला असेल तर चढाई दुसऱ्या दिवसावर टाकावी. जूनमध्यें गाटर्लच्या आसपास जुनें बर्फ उरलेलें असतें, यास्तव जुलईचा उत्तरार्ध ते सप्टेंबर हा काळ चांगला.

खडबडीत तळाचे व घोटा धरणारे बूट हवेत, आणि ते नवे नसावेत. पाणी दीड ते दोन लिटर घ्यावें. प्लाटचें पठार चुनखडीचें आहे. पडलेला पाऊस त्याच्या भेगांतून खालीं निघून जातो, त्यामुळें बर्फ दिसत असूनही प्यावयास झरा मिळत नाहीं. या पठारावर दोन हिमनद्या होत्या असें जुन्या नकाशांत दिसतें. त्यांपैकीं दक्षिणेकडची इतकी आटली कीं २०२२ सालीं शास्त्रज्ञांनीं तिचें नांव हिमनद्यांच्या यादींतून काढून टाकलें. उंचीवर ऊन तीव्र असतें, तेव्हां काळा चष्मा व टोपी यांची थट्टा करूं नये. कागदी नकाशा जवळ ठेवावा. खडकांवरील तांबड्या-पांढऱ्या रंगाच्या खुणा धुक्यांत दिसेनाशा झाल्यास शेवटच्या खुणेपाशीं परत येऊन थांबावें. संकटाचा संकेत सर्व आल्प्सभर एकच आहे: एका मिनिटांत सहा वेळां शिटी किंवा दिवा, मग एक मिनिट स्वस्थ, आणि पुन्हां तेंच, उत्तर मिनिटांत तीनदां येतें. दूरध्वनि चालत असल्यास ११२ हा अंक सर्व युरोपांत लागतो. ऑस्ट्रियांत डोंगरी बचावपथकाचा अंक १४० आहे.

निघण्यापूर्वीं मुक्कामाच्या घरीं एका कागदावर वाट, टोळींतील माणसांची संख्या व परतीची वेळ लिहून द्यावी. शिखराचा डबा आपणांस ओबरमोस येथें उतरवितो. सकाळीं जेथून निघालों तें स्थानक हें नव्हे. गांवांत जाण्यास मोटारगाडी आहे, तिचीही शेवटची वेळ टिपून ठेवावी. आणि घरीं पोंचतांच, बूट काढण्यापूर्वीं, आपण परतलों असें सांगून तो कागद मागून घ्यावा. नाहीं तर रात्रीं बचावाची मंडळी कंदील घेऊन रिकाम्या डोंगरांत आपणांस शोधीत हिंडावयाची.