अल्झायमर आणि विजेच्या सुया
इलेक्ट्रोअ‍ॅक्युपंक्चरमध्ये सुया अ‍ॅक्युपंक्चरच्याच असतात. त्या बोटांनी फिरवण्याऐवजी त्यांना क्लिपा लावून लहानशा यंत्रातून मंद वीज सोडतात, साधारण २ ते १०० हर्ट्झ वारंवारतेची. स्मृतीच्या तक्रारींसाठी टाळूवरचा ‘बाइहुई’ हा बिंदू हमखास निवडला जातो. वेदनाशमनात या विजेचा परिणाम बीजिंगच्या हान जिशेंग यांनी दाखवून दिला: कमी आणि जास्त वारंवारतेला शरीर वेगवेगळी अफूसदृश द्रव्ये सोडते. पण दुखणे थांबणे वेगळे आणि गेलेली आठवण परतणे वेगळे. या उपचाराच्या जाहिरातींत नेमका हाच फरक पुसला जातो.

अल्झायमरसाठीचा पुरावा मुख्यतः उंदरांचा आहे. माणसाची जनुके घालून ज्यांच्या मेंदूत अ‍ॅमिलॉइड हे अल्झायमरशी जोडलेले प्रथिन साचवले जाते, असे उंदीर पाण्याच्या हौदात सोडतात आणि पाण्याखाली दडवलेला चौथरा त्यांनी लक्षात ठेवून शोधायचा असतो. चिनी प्रयोगशाळांच्या अनेक निबंधांत सुई-वीज घेतलेले उंदीर तो लवकर शोधतात, मेंदूतला दाहही कमी दिसतो. मात्र अशाच उंदरांना गुण देणारी कित्येक औषधे माणसांत आपटली आहेत. माणसांवरच्या चाचण्या थोड्या आणि लहान आहेत. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, बरीच उद्धृत होणाऱ्या चिनी चाचणीत ८७ रुग्ण होते, तुलना डोनेपेझिल या अल्झायमरच्या गोळीशी होती आणि आपल्याला सुया मिळताहेत की गोळी, हे रुग्णांना माहीत होते. शिवाय त्या सुयांत वीज नव्हतीच! शक्यता तपासण्याजोगी आहे, यापलीकडे आज काही म्हणता येत नाही.

अ‍ॅक्युपंक्चरसाठी महाराष्ट्रात स्वतंत्र कायदा आणि परिषद आहे, त्यामुळे उपचारकेंद्राच्या भिंतीवरचे नोंदणीपत्र खरे असू शकते. पण त्या कागदाने उपचार करणाऱ्याची पात्रता कळते. अल्झायमरवर उपचार चालतो की नाही, ते कळत नाही.

प्रस्तुत लेखकाच्या आईला अल्झायमरसाठी अशाच एका केंद्रात विजेच्या सुया दिल्या, तेव्हा हे अनुभवास आले. तिथे मासिक पॅकेजचे पैसे आगाऊ घेतले गेले आणि पहिल्याच आठवड्यात ‘गोळ्यांनी सुयांचा परिणाम मारला जातो’ असे सांगून डोनेपेझिल बंद करण्याचा आग्रह झाला. घरच्यांनी गोळी बंद केली नाही. त्यावर प्रत्येक भेटीत टोमणे ऐकावे लागले. महिनाअखेरीस प्रगतीचा कागद हाती आला: ३० गुणांच्या स्मृतिचाचणीत १८ वरून २२. पेढे वाटावेत असे वाटण्याचा तो क्षण. पण पहिली चाचणी आतल्या रिकाम्या खोलीत झाली होती, दुसरी बाहेर, तारीख, वार, महिना, साल दाखवणाऱ्या डिजिटल घड्याळासमोर. या चाचणीत त्या चार उत्तरांना प्रत्येकी एक गुण असतो. आईने ती चारही उत्तरे भिंतीकडे बघत दिली होती. कागदावर प्रश्नवार गुण होते, वाढलेले चारही तिथलेच. विचारणा केल्यावर उत्तर मिळाले, “विश्वास ठेवला तरच गुण येतो.” आवाज चढला तो केंद्रवाल्यांचा; घरच्यांचा नव्हे.

म्हणून चाचणी न्यूरॉलॉजिस्टकडेच, उपचार करणाऱ्यापासून दूर करून घ्यावी, आणि प्रश्नवार गुणांची प्रत मागावी. नुसत्या बेरजेवर जाऊ नये. चांगले-वाईट दिवस या आजारात येतातच, शिवाय तीच चाचणी लवकर पुन्हा घेतली तर सरावानेही गुण सरकतात. न्यूरॉलॉजिस्टला विचारल्याशिवाय कोणतीही गोळी थांबवू नये. डोनेपेझिल बंद केल्यावर होणारी घसरण पुन्हा सुरू केल्यावर भरून येईलच असे नाही. पेसमेकर असेल तर विजेच्या सुया घेऊ नयेत. रक्त पातळ करणारे औषध किंवा फिट्सचा इतिहास असेल तर आधी सांगावे. पुष्कळ ठिकाणी कोणी विचारत नाही. मुळात विसराळूपणाचे कारण बी-१२ किंवा थायरॉइड नाही ना, हे साध्या रक्ततपासणीत कळते आणि ते आधी पाहायचे असते.

सुया घ्यायच्याच असतील तर पैसे भेटीगणिक द्यावेत. आगाऊ पॅकेजच्या पावतीवर ‘रक्कम परत मिळणार नाही’ ही ओळ सर्वांत बारीक टाइपात असते.