मासे घरात, भाजी अंगणात

हौदात मासे पाळायचे. त्यांच्या पाण्यावर भाजी करायची. भाजीच्या वाफ्यातून निघालेलं पाणी पुन्हा हौदात सोडायचं. या रीतीला अक्वापोनिक्स म्हणतात. नाव अवघड आहे. अक्षरं जोडून एकदा मोठ्याने वाचा.

मासा पाण्यात घाण करतो. त्या घाणीतून अमोनिया होतो. तो माशाला विषासारखाच. पण वाफ्यातल्या खडीला डोळ्यांना न दिसणारे जंतू चिकटलेले असतात. ते अमोनियाचं खत करतात. पालक, पुदिना ते खत शोषून घेतात. पाणी माशाला पुन्हा चालतं. तेच पाणी फिरतं म्हणून कमी पुरतं. २०१६ साली शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. अशा मुलखात ही गोष्ट लहान नाही.

वेस्ट इंडीजमध्ये सेंट क्रॉय नावाचं बेट आहे. तिथल्या विद्यापीठात जेम्स राकोसी यांनी १९८० नंतर या रीतीवर पुष्कळ वर्षं काम केलं. त्यांच्या टाक्या उघड्यावर होत्या. पण ते समुद्रातलं बेट. तिथे बारा महिने हवा सारखीच. आपल्या बीड जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जातो आणि पौषात पहाटे शेकोटी लागते. त्यांची नक्कल जशीच्या तशी केली तर मासे हातचे जातील.

ते का, ते पाहू. माशाचं अंग पाण्याइतकंच गरम किंवा गार असतं. चिलापी, म्हणजे तिलापिया मासा, २७ ते ३० अंशांत चांगला वाढतो. पाणी १६ अंशांखाली गेलं की तो खाणं जवळजवळ सोडतो. १० अंशांच्या आसपास मरतो. उन्हाळ्यात दुसरीच अडचण. मासा पाण्यात विरघळलेला प्राणवायू घेतो. २० अंशांच्या एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांच्या पाण्यात साडेसात. पाणी तापलं की प्राणवायू कमी, आणि माशाची गरज मात्र जास्त! मासे वर येऊन तोंड उघडू लागले तर समजावं, त्यांचा जीव गुदमरतो आहे.

म्हणून हौद घरात घ्यावा. पण कोणत्या घरात? पत्र्याच्या खोलीत नको. दुपारी ती भट्टी होते. जुनं माळवद असेल तर फार उत्तम. त्याच्या भिंती रुंद, वर मातीचा जाड थर. बाहेरचं ऊन आत पोचेपर्यंत रात्र होते. आपल्या वाडवडिलांनी हे पुस्तकात वाचलेलं नव्हतं, पण घर बरोबर बांधलं. आडाचं पाणी उन्हाळ्यात गार आणि थंडीत कोमट लागतं ना? खोल मातीत ऊन-थंडी लवकर उतरत नाही. तसाच हौद हात-दीड हात जमिनीत घेतला तर पाणी आणखी सांभाळतं. मात्र मातीच्या भिंतीपासून तीन हात तरी दूर राहा, नाहीतर ओल चढून भिंत बसेल. आणि हौद माडीवर कधीच नको. हजार लिटर पाणी म्हणजे दहा क्विंटल वजन!

अंधारात शेवाळ वाढत नाही, हाही फायदा. भाजीला मात्र ऊन हवं, म्हणून वाफा अंगणात. उन्हाळ्यात वाफ्यावर हिरवी जाळी बांधा आणि नळी सावलीतून न्या. उघड्या नळीतलं पाणी तापून परत हौदात येतं. पाणी फार तापलं तर एकदम गार पाणी ओतू नका. अचानक बदल माशाला सोसत नाही. थोडं थोडं घाला. नळाच्या पाण्यात औषध असतं. ते एक दिवस उघडं ठेवून मगच वापरा.

आता मोठी काळजीची गोष्ट. आपल्याकडे कपाशीचं फवारणीचं औषध घरातच कोपऱ्यात ठेवतात. हौदाच्या खोलीत ते ठेवू नका, फवारणीचा पंपही नको. त्या औषधाचे चार थेंब सगळा हौद मारतील. औषध पोरांच्याही हाती लागू नये. हौदावर लाकडी झाकण नाहीतर जाळी हवीच, लहान पोर वाकून आत पडेल. ओल्या हाताने विजेचं बटण दाबू नये. वीज गेली की मोटार थांबते, म्हणून बॅटरीवर चालणारा हवेचा लहान पंप जवळ ठेवा.

बीज आणण्याआधी मत्स्यव्यवसाय खात्याच्या जिल्हा कार्यालयात विचारा. चिलापीला परवानगी लागते. थाई मांगूर कोणी स्वस्तात दिला तरी घेऊ नका. त्यावर देशात २००० सालापासून बंदी आहे.

पाण्यात बुडवायचा तापमापक आणा आणि सकाळ-दुपारचा आकडा वहीत मांडा. आता लिहिता येतं, तर लिहा. ज्या घरची सगळीच माणसं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात, त्यांनी एवढ्यात हौद बांधू नये. मासे रोज बघावे लागतात. मागे आजी-आजोबा राहत असतील आणि त्यांना आकडा वाचता येत असेल, तर दोन-तीनशे लिटरच्या हौदापासून सुरुवात करायला हरकत नाही.