हाताला न लागणारी गाळणी

प्रस्तावना

वाहन चालवणारे पुष्कळ असतात. परंतु इंजिनाच्या आत काय चालते, याची माहिती थोड्यांनाच असते. प्रस्तुत पाठात तेलगाळणीचे कार्य आणि अडचणीच्या जागी बसवलेली गाळणी घरी बदलण्याची रीत सांगितली आहे. एखादी कृती क्रमाने व नेमक्या शब्दांत कशी मांडावी, हेही यावरून लक्षात येईल.

मूळ पाठ

भिलाई हे पोलादाचे नगर. सोव्हिएत संघाशी १९५५ साली झालेल्या करारातून येथे कारखाना उभा राहिला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. वैशाली नगर ही याच शहरातील वस्ती. ज्या नगराचे जीवन यंत्रांवर उभे आहे, तेथे यंत्राची निगा हा घराघरांत ओळखीचा विषय असतो. दारात उभी असलेली गाडी हेही एक यंत्रच होय.

इंजिनात धातूवर धातू सतत फिरतो. त्या दोहोंमध्ये तेलाचा पातळ थर असतो, म्हणून झीज व उष्णता आटोक्यात राहते. हळूहळू तेलात काजळी, धूळ आणि धातूचे सूक्ष्म कण मिसळतात. ते अडवण्याचे काम गाळणी करते. पत्र्याच्या डब्यात घड्या घातलेला कागद, असे तिचे साधारण रूप असते. अमेरिकेत अर्नेस्ट स्वीटलँड यांनी १९२३ मध्ये मोटारीसाठी तेलगाळणी तयार केली. गाळणी तुंबली, तर इंजिन तेलावाचून राहू नये म्हणून तिच्यातील झडप उघडते. पण मग न गाळलेले तेलच सर्वत्र फिरते. म्हणूनच उत्पादकाच्या पुस्तिकेत सांगितलेल्या मुदतीत तेल व गाळणी बदलणे इष्ट असते.

काही वाहनांत ही गाळणी इंजिनाच्या मागच्या अंगाला, धुराच्या नळीजवळ असते. ती डोळ्यांना दिसत नाही आणि हातही तेथवर नीट पोचत नाही. अशा वेळी बळापेक्षा क्रम महत्त्वाचा ठरतो.

प्रथम गाडी सपाट, टणक जमिनीवर उभी करावी. हातब्रेक ओढून, जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावावेत. गाडी जॅकने उचलून भक्कम स्टँडवर टेकवावी. केवळ जॅकच्या आधारावर असलेल्या गाडीखाली कोणीही, क्षणभरही शिरू नये. जॅक निसटला, तर सावरायला वेळ मिळत नाही. इंजिन कोमट असावे, तापलेले नसावे.

खालचे आच्छादन काढल्यावर किंवा पुढचे चाक उतरवल्यावर गाळणीकडे जाणारी वाट बहुधा सापडते. आधी तळाचा बोल्ट सोडून जुने तेल पसरट भांड्यात घ्यावे आणि बोल्ट पुन्हा बसवावा. मग गाळणीला टोपीसारखा बसणारा पान्हा लावावा व तो लांब दांड्याने फिरवावा. गाळणी सैल होताच तिच्याभोवती प्लॅस्टिकची पिशवी धरावी, म्हणजे सांडणारे तेल गरम भागांवर पडत नाही. पेचकस खुपसून गाळणी फिरवण्याचा मोह टाळावा. पत्रा फाटतो आणि काम अधिक अवघड होते.

जुन्या गाळणीची रबरी कडी तिच्यासोबत निघाली आहे ना, हे अवश्य पाहावे. ती इंजिनालाच चिकटून राहिली आणि वर नवी गाळणी बसली, तर दाबाखालील तेल दोन कड्यांमधून फवाऱ्यासारखे बाहेर पडते व थोड्याच वेळात इंजिन निकामी होऊ शकते. जागा दिसत नसेल, तर छोटा आरसा धरावा किंवा बोट फिरवून खात्री करावी.

नवी गाळणी जुनीशी ताडून पाहावी. तिच्या कडीला नवे तेल चोळावे. आटे तिरपे बसू नयेत म्हणून ती हातानेच फिरवावी. कडी टेकल्यावर, गाळणीवर लिहिले असेल तेवढाच, साधारणपणे पाऊण फेरा आणखी द्यावा. मग ठरलेल्या मापाने तेल भरावे, इंजिन थोडा वेळ चालवावे आणि कोठे गळती आहे का, हे बाहेरूनच वाकून पाहावे. शेवटी गाडी खाली उतरवावी व इंजिन बंद करून काही मिनिटांनी पट्टीवर तेलाची पातळी तपासावी.

गाडीचे काम येथे संपते. माणसाची जबाबदारी मात्र संपत नाही. २०१६ च्या नियमांनुसार वापरलेले तेल घातक कचऱ्यात मोडते. नालीत ओतलेले तेल पाण्यासोबत वाहत जाते आणि दुर्गजवळून वाहणाऱ्या शिवनाथेसारख्या नदीला दूषित करते. ते बंद डब्यात भरून, असे तेल गोळा करणाऱ्या गॅरेजकडे द्यावे. स्वतःचे इंजिन स्वच्छ करताना सर्वांचे पाणी मलिन होऊ नये, एवढे भान प्रत्येकाने ठेवले पाहिजे.

शब्दार्थ

आटे – बोल्टवरील पिळदार खाचा. भिलाईच्या गॅरेजमधील हिंदीत ‘चूड़ी’
पान्हा – नट-बोल्ट फिरवण्याचे साधन, हिंदीत ‘पाना’
मलिन – घाण, अस्वच्छ

स्वाध्याय

१. गाळणी तुंबल्यावर इंजिनात काय घडते?
२. जुनी रबरी कडी तपासणे का आवश्यक आहे?
३. ‘अशा वेळी बळापेक्षा क्रम महत्त्वाचा ठरतो’ हे विधान पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
४. पाठातील विध्यर्थी क्रियापदे (उदा. ‘लावावा’) शोधा आणि ती वापरून तुमच्या परिचयाच्या कामाची कृती आठ वाक्यांत लिहा.